गरम झाल्यावरच मरणारा सेन्सर

गाडी तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा मी चिडायचं सोडून आधी घड्याळ बघितलं. पहिल्या दोन वेळेला काय केलं होतं तर बोनेट उघडून उगाच दोन वायरी हलवल्या, बॅटरीचे टर्मिनल दाबून बघितले, चार-पाच वेळा सेल्फ मारला, मग वैतागून रस्त्याकडेला फोन बघत बसलो आणि अर्ध्या तासाने परत किल्ली फिरवली तर पठ्ठी एका सेल्फला चालू, जणू काही झालंच नाही. तिसऱ्यांदा मात्र फोनमध्ये लिहूनच ठेवलं. निघून ४० मिनिटं झालेली, टेम्परेचरचा काटा नेहमीच्या जागी, पेट्रोल अर्ध्या टाकीच्या वर, बंद पडताना धक्के नाहीत, आचके नाहीत, कुणीतरी चालत्या गाडीची किल्ली काढून घ्यावी तशी एकदम गप्प. आणि परत चालू झाली ती २५ मिनिटांनी.

मी काही मेकॅनिक नाही, मल्टीमीटर वापरता येतो आणि खुमखुमी आहे एवढंच. पण या एका सेन्सरने (क्रँक सेन्सर, इंजिन फिरतंय की नाही ते गाडीला सांगणारा) मला जवळपास महिनाभर खेळवला त्यामुळे सगळं सविस्तर लिहितोय, कुणाची गाडी असंच करत असेल तर निदान पंप बदलायच्या आधी वाचेल.

पंप म्हणायचं कारण, माझा पहिला संशय फ्युएल पंपावरच होता. जुना पंपही गरम झाला की दगा देतो आणि गार झाला की चालतो, हे ऐकून होतो. किल्ली ऑन केली की मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद घूंऽऽ असा आवाज येतो तो पंपाचा. चौथ्यांदा गाडी बंद पडली (हो, चौथ्यांदा, तोपर्यंत मी मुद्दाम मित्राला सोबत घेऊन फिरायला लागलो होतो) तेव्हा त्याला मागच्या सीटवर कान लावून बसवलं. किल्ली ऑन, आवाज आला, थांबला. सेल्फ मारला, तर सेल्फच्या खडखडाटात त्याला काही ऐकू येईना, म्हणून मग पंपाच्या रिलेपाशी टेस्ट लॅम्प लावला. सेल्फ मारताना लॅम्प पेटायलाच तयार नाही. म्हणजे पंपाला करंटच जात नव्हता, तो बिचारा चालणार कसा. मग एक प्लग काढून बघितला तर कोरडा ठणठणीत, आणि स्पार्क टेस्टर लावला तर स्पार्कही नाही.

इथे थोडं थांबून विचार करायला हवा होता, आणि मी केला नाही. फक्त स्पार्क गेला असता तर पेट्रोल येत राहिलं असतं आणि प्लग ओला निघाला असता. फक्त पंप गेला असता तर स्पार्क मिळाला असता. दोन्ही एकदम गायब म्हणजे त्या दोघांना हुकूम देणारा जो कुणी आहे तोच गप्प बसलाय. हुकूम देणारा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, आणि ईसीयू गप्प बसतो कारण त्याला इंजिन फिरतंय हे कळतच नाहीये. इंजिन फिरत नसेल तर पंप चालू ठेवायचा नाही हे त्याला शिकवलेलंच असतं, आणि ते बरोबरच आहे, अपघात होऊन इंजिन थांबलं आणि पाइप फुटलेला असला तर पंप पेट्रोल ओतत बसायला नको. म्हणून किल्ली ऑन केल्यावर दोन-तीन सेकंद प्रेशर बनवायचं आणि मग इंजिन फिरल्याचा निरोप येईपर्यंत वाट बघायची.

तो निरोप देणारा म्हणजे इंजिन स्पीड सेन्सर, ज्याला बहुतेक लोक क्रँक सेन्सर म्हणतात. आता जाता जाता एक गोंधळ मिटवतो. नुसतं 'स्पीड सेन्सर' म्हणून पार्ट मागायला गेलात तर हातात भलतंच येऊ शकतं, कारण गाडी किती वेगात पळतेय ते सांगणारा सेन्सर वेगळा, तो गिअरबॉक्सवर किंवा चाकांपाशी. आपला हा क्रँकशाफ्ट (पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा) किती वेगात आणि नेमका कुठल्या कोनात फिरतोय ते सांगतो, आणि तो फ्लायव्हीलजवळ नाहीतर पुढच्या पुलीजवळ बसवलेला असतो, सहसा जिथे हात पोचत नाही अशाच ठिकाणी.

आणि खरं सांगू का, गाडी मला पहिल्या दिवसापासून उत्तर देत होती, मीच बघत नव्हतो. दुसऱ्यांदा बंद पडली तेव्हा मी चौथ्या गिअरमध्ये होतो, क्लच दाबलेला नव्हता, गाडी स्वतःच्या वेगात पुढे जातच होती. म्हणजे चाकं इंजिनाला फिरवत होती. अशा वेळी नुसतं पेट्रोल बंद झालं असतं तर आरपीएमचा काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू खाली आला असता. पण माझा काटा एका झटक्यात शून्यावर पडला होता आणि मला ते नीट आठवत होतं. इंजिन फिरतंय आणि काटा शून्य! बहुतेक गाड्यांत हा काटा याच सेन्सरच्या सिग्नलवर चालतो. तुमची गाडी चालता चालता मेली तर (आधी सुरक्षित बाजूला घ्या हे सांगायला नको, ब्रेकचा बूस्टर दोन-तीन वेळा दाबण्यापुरताच साथ देतो आणि स्टिअरिंग जड होतं) तो काटा काय करतो तेवढं लक्षात ठेवा. तसंच सेल्फ मारताना काटा थोडा तरी थरथरतो का बघा. सगळ्या गाड्यांत दिसत नाही, पण दिसला तर सिग्नल येतोय.

आता तो काम कसा करतो ते थोडक्यात, कारण हे कळलं नाही तर पुढचं मोजमाप म्हणजे नुसते आकडे. क्रँकबरोबर फिरणारी एक दातेरी चकती असते. खूप गाड्यांत तिच्यावर ६० दातांची जागा असते पण दोन दात मुद्दाम गाळलेले, म्हणजे ५८ दात आणि एक खिंडार. प्रत्येक दात ६ अंशांचा. सेन्सरच्या आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेची कॉइल. दात समोरून गेला की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये थोडासा एसी व्होल्टेज तयार होतो, बाहेरून सप्लाय द्यायचीही गरज नाही. ईसीयू ते ठोके मोजतो आणि खिंडार आलं की त्याला कळतं की आता पहिला सिलिंडर अमुक ठिकाणी आहे. ३००० आरपीएमला एक फेरा २० मिलिसेकंदात होतो, म्हणजे एक दात मिलिसेकंदाच्या एक तृतीयांशात निघून जातो. एवढ्या वेगात मोजणी चाललेली असते आणि मोजणीत घोळ झाला की गाडी मिसिंग मारते, मोजणी थांबली की गाडी थांबते. डिझेलवाल्यांनी खूश व्हायचं कारण नाही, तिथे स्पार्क नसला तरी कॉमन रेल इंजिनात इंजेक्टर कधी उघडायचा हे याच्याचकडून कळतं.

मग स्कॅनर, म्हणजे ईसीयूने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारं यंत्र. पहिले तीन वेळा स्कॅनरमध्ये एकही कोड नव्हता आणि मला वाटलं म्हणजे सेन्सर ठीकच असणार. नंतर कळलं की सिग्नल गेला तर ईसीयूच्या दृष्टीने ते इंजिन बंद केल्यासारखंच दिसतं. संशय यायला त्याला दुसरा साक्षीदार लागतो आणि तो असतो कॅम सेन्सर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टवरचा तसलाच सेन्सर. कॅमचे ठोके येतायत पण क्रँकचे नाहीत असं काही काळ दिसलं की मग तो तक्रार नोंदवतो. म्हणून पाचव्या वेळी मी सलग आठ-दहा सेकंद सेल्फ मारला (याच्यापेक्षा जास्त नको, सेल्फची मोटर तापते) आणि आला, पी०३३५. याच कुटुंबात पी०३३६ म्हणजे सिग्नल येतोय पण वेडावाकडा, पी०३३७ आणि पी०३३८ म्हणजे सिग्नल कमी किंवा जास्त पातळीवर अडकलाय, आणि पी०३३९ म्हणजे मधूनमधून जातोय. लाइव्ह डेटामध्ये सेल्फ मारताना आरपीएम बघितला तर शून्य. चांगल्या गाडीत तिथे साधारण १५० ते ३०० दिसायला हवा.

मी तर उड्याच मारल्या, सापडला म्हणून. पण पी०३३५ चा अर्थ 'क्रँक सेन्सर खराब' असा नाहीये. त्याचा अर्थ क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड आहे. त्यात सेन्सर आला, दोन वायरी आल्या, कपलर (सेन्सरला वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड) आला, दातेरी चकती आली, ईसीयू पण आला. अजून एक, बॅटरी अगदी मलूल असेल आणि सेल्फ रडत रडत फिरत असेल तर या कॉइलवाल्या सेन्सरचा व्होल्टेजही कमी पडतो, कारण तो वेगावर अवलंबून असतो. म्हणून आधी बॅटरी बघून घ्या. माझी ठीक होती.

गाडी मेकॅनिककडे नेली. त्याने सेन्सरचा कपलर काढला, मीटर लावला, ८७० ओहम. मॅन्युअलमध्ये ८०० ते १००० लिहिलेलं. "सेन्सर एकदम ओके आहे साहेब, वायरिंग बघावं लागेल, गाडी सोडून जा." मी रात्रभर गाडी थंड ठेवून सकाळी त्याच्याकडे नेली होती. थंड गाडी चालूच व्हायची ना! म्हणजे ज्या वेळी आजार नाही त्या वेळी आपण पेशंट तपासतोय आणि म्हणतोय तब्येत उत्तम. त्याची चूक नव्हती, आकडा बरोबरच होता. पण मला आता ती गोष्ट चोरी चालू असतानाच पकडायची होती.

म्हणून पुढच्या रविवारी घरीच उद्योग केला. कपलरच्या मागच्या बाजूने, वायरीच्या कडेने दोन बारीक टाचण्या आत सरकवल्या (वायरीचं कव्हर भोसकू नका, पुढे तिथून पाणी शिरतं आणि तांबं हिरवं पडतं, म्हणजे आजार आपणच पेरतो), त्यांना लांब वायरी जोडल्या, त्या फिरणाऱ्या बेल्टपासून आणि सायलेन्सरपासून लांब टेपने बांधत खिडकीतून आत घेतल्या आणि मीटर एसी व्होल्टवर ठेवून मित्राच्या मांडीवर दिला. थंड इंजिनाला सेल्फ मारताना एक व्होल्टच्या आसपास, आयडलला तीन-साडेतीन, रेस केली की वाढतोय. हे आकडे तुमच्या गाडीत वेगळे येतील, साधे मीटर एवढ्या फ्रिक्वेन्सीला अचूक दाखवतही नाहीत, पण आपल्याला आकडा नकोच, आहे की गेला एवढंच बघायचंय. मीटरमध्ये हर्ट्झ असेल तर अजून मजा आहे, ६० च्या चकतीत आरपीएम आणि हर्ट्झ जवळजवळ सारखेच येतात, ८०० आरपीएमला ८०० च्या जरा खाली, दोन दात कमी म्हणून.

निघालो. ३८ व्या मिनिटाला मित्र म्हणाला "अरे हे बघ, खाली-वर करतंय", आणि मी "काय खाली-वर" म्हणेपर्यंत गाडी गप्प. मीटर शून्य. बाजूला घेतली, सेल्फ मारला, शून्यच. पण अजून निकाल द्यायचा नाही, कारण पुढे वायरी एकमेकींना चिकटल्या असतील तरी इथे शून्यच दिसेल. म्हणून कपलर काढला आणि सरळ सेन्सरच्या दोन पिनांवर ओहम लावला. ओएल, म्हणजे मीटरला मोजता येईल असा आकडाच नाही. म्हणजे आत तार तुटलेली. एक पिन आणि इंजिन बॉडी यांच्यामध्येही बघून घेतलं, तिथे काहीच नाही, म्हणजे अर्थ होत नव्हता, जे असंच असायला पाहिजे. मग दोघं मीटरकडे बघत बसलो. बावीस मिनिटांनी ओएल गेलं आणि ११०० च्या आसपास आकडा आला, हळूहळू उतरत गेला. कपलर लावला, एका सेल्फला चालू. इतका आनंद गाडी बंद पडल्याचा मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

११०० बघून घाबरू नका. तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला जवळपास ०.४ टक्क्याने वाढतो, म्हणजे ७० डिग्री तापमान वाढलं की ८७० चे ११०० होणारच. तापल्यावर आकडा वाढला हा दोष नाही, तापल्यावर आकडाच गायब झाला हा दोष. आत कुठेतरी ती केसाएवढी तार तुटून टोकाला टोक लावून बसली असणार, गरम झालं की प्लास्टिक फुगून टोकं लांब जातात, गार झालं की परत गळ्यात गळे.

सेन्सर काढला आणि खात्रीसाठी घरी टेबलावर परत तोच खेळ केला, ताईचा हेअर ड्रायर घेऊन. मीटर लावून ठेवायचा आणि गरम हवा मारत राहायची. ८७०, ९००, ९५०, १०२०, १०७०, ओएल. ड्रायर बंद, दहा मिनिटांनी आकडा परत. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तसंच. (गॅसच्या किंवा लायटरच्या आचेवर धरू नका, चांगला सेन्सरही मरेल आणि काहीच सिद्ध होणार नाही.) त्याचा व्हिडिओ काढून मेकॅनिकला पाठवला.

हे सगळं दोन वायरींच्या सेन्सरचं झालं. तुमच्या सेन्सरला तीन वायरी असतील तर तो बहुतेक हॉल इफेक्टवाला, त्याच्या आत इलेक्ट्रॉनिक्स असतं, त्याला ओहममीटर लावायचाच नाही, आकडा निरर्थक येतो आणि नशीब वाईट असेल तर आतला चिप उडतो. (काही कॉइलवाल्यांनाही तिसरी वायर असते, नुसती शिल्डची, म्हणून मॅन्युअलमधली वायरिंगची आकृती बघून ठरवा.) हॉलवाल्याला तीन प्रश्न विचारायचे: सप्लाय येतोय का, गाडीप्रमाणे ५ किंवा १२ व्होल्ट, अर्थ धड आहे का, म्हणजे कपलर लागलेला आणि किल्ली ऑन असताना अर्थच्या पिनवर बॅटरी निगेटिव्हच्या तुलनेत ०.१ व्होल्टपेक्षा कमी, आणि इंजिन पुलीच्या नटावर पाना लावून हाताने सावकाश फिरवलं तर सिग्नल वर-खाली उड्या मारतोय का.

याच मित्राच्या गाडीत दोन महिन्यांनी तोच पी०३३५ आला आणि माझं कौतुक इतकं झालेलं की त्याने मला न विचारताच नवीन सेन्सर टाकून घेतला. गाडी तशीच. त्याचं दुखणं वेगळंच होतं, पार्किंगमधून मागे घेताना बंद पडायची, हायवेला तासन्‌तास काही नाही. रिव्हर्समध्ये लोड आला की इंजिन माउंटिंगवर उलट्या बाजूला कलतं. म्हणून मीटर सप्लायच्या वायरीवर लावून ठेवला, हँडब्रेक ओढला, रिव्हर्स टाकून क्लच किंचित सोडला आणि ५ व्होल्टचे शून्य झालेले दोघांनी डोळ्यांनी बघितले. गिअरबॉक्सजवळच्या एका पत्र्याच्या ब्रॅकेटवर वायरीचं कव्हर घासून गेलं होतं, इंजिन कललं की तांबं पत्र्याला टेकायचं. सेन्सर दोन्ही चांगले, जुना पण आणि नवा पण. त्याने गरम करून काहीच सापडलं नसतं आणि माझ्या गाडीत रिव्हर्स टाकून काहीच सापडलं नसतं.

बसवण्याबद्दल फार नाही सांगत, एकच बोल्ट असतो. पण जुना सेन्सर तेलाने आणि फुगलेल्या ओ-रिंगने असा चिकटून बसतो की पक्कडीने ओढला तर डोकं हातात आणि खालचा तुकडा आत. थोडं स्प्रे मारून डावी-उजवीकडे फिरवत सोडवायचा. काढल्यावर टोकाकडे बघा, चुंबक असल्यामुळे लोखंडाचा चुरा चिकटलेला असतो, थोडासा चालतो, दाढी आली असेल तर इंजिनात किंवा क्लचमध्ये काय झिजतंय ते बघायला लागेल. त्याच भोकातून टॉर्च मारून, इंजिन हाताने फिरवत सगळे दात बघून घ्या, एखादा वाकलेला किंवा तुटलेला असेल तर दहा सेन्सर बदलून उपयोग नाही. नवा नीट टेकेपर्यंत बसला पाहिजे, दात आणि टोक यांच्यात मिलिमीटरभराचंच अंतर असतं, खाली कचरा राहिला की ते वाढतं आणि सिग्नल अशक्त होतो. आणि कपलर तुटला म्हणून वायरी हाताने जोडत असाल तर दोन्हींची अदलाबदल करू नका. कॉइल आहे, काय फरक पडतो असं वाटतं, पण सिग्नल उलटा होतो आणि ईसीयूला खिंडार भलत्याच जागी दिसतं, मग गाडी चालू होत नाही किंवा झाली तरी विचित्र चालते. काही गाड्यांत सेन्सर बदलल्यावर स्कॅनरने रीलर्न पण करावं लागतं, माझ्या गाडीत नव्हतं.

नवा बसवल्यावर कोड पुसला आणि टाचण्या तशाच ठेवून दीड तास गाडी पळवली, मुद्दाम ट्रॅफिकमध्ये नेली, एसी लावून उभी ठेवली. मित्र मीटर मांडीवर घेऊन झोपून गेला. एकदाही नाही.

मेकॅनिकचा त्या व्हिडिओवर दोन दिवसांनी फोन आला, म्हणाला तो जुना सेन्सर फेकू नका, पोरांना दाखवायला हवाय. नेऊन दिला. हेअर ड्रायर परत द्यायला गेलो तर ताईने लांबूनच वास घेतला आणि म्हणाली, "ठेव तुझ्याचकडे, आणि मला नवीन आणून दे." आता तो डिकीत असतो, जॅकच्या शेजारी.